चुलीखालचं शहर

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती आणि नागपुरात थंडी अशी पडली होती की प्रताप नगरातल्या नव्या घरांच्या अंगणात माणसं उन्हामागे खुर्च्या सरकवत दिवस काढत होती. जयवंता सणाला धाकट्या बहिणीकडे, शामलाकडे, कळमेश्वरला गेली होती. दुपारच्या एसटीनं परतली तेव्हा एका हातात तिळाच्या लाडवांचा डबा होता, दुसऱ्या हातात शामलाच्या वाडीतल्या वांग्यांची पिशवी. फाटक ढकलतानाच तिला दिसलं की चंद्रभानजी दारात उभे आहेत आणि हसू दाबून राहिले आहेत. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्या नवऱ्याला एक गोष्ट कधी साधली नव्हती, ती म्हणजे हसू दाबणं. टपाल कचेरीतल्या आपल्या खुर्चीवर करत तसा गंभीर चेहरा ते घरीही करायला जात आणि मिशीचं एक टोक आपोआप वर चढे.

"डोळे मीट वं," ते म्हणाले.

"पिशवी तर ठेवू द्या."

"पिशवी राहू दे. मीट डोळे."

खांद्याला धरून त्यांनी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि डोळे उघडायला सांगितलं. समोर काळ्या कडाप्प्याचा ओटा होता. इतका गुळगुळीत, की त्यात खिडकी दिसत होती, खिडकीतला पेरू दिसत होता आणि पिशवी धरलेली एक बाई दिसत होती. ओट्यावर दोन तोंडांची शेगडी, खाली लाल सिलिंडर. चंद्रभानजींनी काडी ओढली आणि निळी फुलं भप्पकन उमलली. "फुंकायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत. राणीसारखं उभ्यानं करायचं सगळं!" जयवंताला आनंद झाला, खोटा नव्हे, अगदी खराच झाला. ती ओट्यावरून हात फिरवत राहिली. मग चहा ठेवायला वळली आणि सवयीनं तिचे गुडघे वाकले, हात खाली गेला, जिथे नेहमी फुंकणी असायची तिथे. हाताला थंडगार फरशी लागली. उंच जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तशी ती पुढे झुकली.

"चूल कुठं गेली?" तिनं विचारलं.

"गेली! रामाजी गवंड्यानं एका सकाळी फोडली आणि मलबा हातगाडीवर टाकून घेऊन गेला. अंगणात एक ढेकूळ ठेवू दिलं नाही मी."

"आणि चुलीखालची वीट?"

"विटाच विटा होत्या त्यात. चुलीत विटा राहणार नाही तर का राहणार?" चंद्रभानजी हसत होते. त्यांना ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं. तिनंच कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं नसतं, अशीच त्या विटेची रीत होती.

ती उभ्यानं चहा करू लागली. ज्योत नको तेवढी निळी होती, तिला वास नव्हता, तिच्यात काही तडतडत नव्हतं. पाणी उकळेपर्यंत काय करायचं असतं तेच तिला उमगेना. चुलीपाशी असताना कधी असा रिकामा वेळ आला नव्हता. लाकूड पुढे सार, राख मागे ओढ, आणि मध्येच पायाचा अंगठा चुलीच्या पायथ्याशी नेऊन ठेव, जिथे सारवणाखाली ती वीट होती. लग्नानंतरच्या तिन्ही बिऱ्हाडांत ती वीट लुगड्याच्या गाठोड्यात लपवून तिनं स्वतः नेली होती. कुणी म्हणे, हे गाठोडं भारी जड आहे गा. ती म्हणे, पाटा आहे. आता पाण्याला बुडबुडे यायला लागले आणि त्यांच्याकडे बघताना तिला खापरटेकडी दिसायला लागली, नेहमी दिसायची तशीच, मौद्याच्या पुढे बैलगाडीनं अर्धा दिवस गेल्यावर सपाट धानाच्या बांध्यांमधून एकदम उठलेली, माथ्यावरून सुरीनं कापल्यासारखी सरळ. पायथ्याला पिपरडोल, तिचं माहेर. टेकडीवर माती कमी आणि खापऱ्याच जास्त. लाल, काळ्या, काही आतून काळ्या नि बाहेरून लाल. अनवाणी गेलं तर पाय कापत, म्हणून गुरं राखणारी पोरं टायरच्या वहाणा घालून वर चढत. पावसानं माती धुतली की मणी सापडायचे, ज्वारीच्या दाण्याएवढे, मधाच्या रंगाचे. शामलाच्या गळ्यात लहानपणी असल्या मण्यांची माळ होती आणि ती एका शेळीनं खाल्ली. उगवतीच्या अंगाला एक भिंत होती, बैलगाडी वरून जाईल एवढी रुंद, जागोजाग ढासळलेली. हातभर लांब, पाट्यासारख्या जाड विटा. गावातली विहीर त्या विटांची, गोठे त्या विटांचे, मारुतीचा पार त्याच विटांचा. चोरी केली असं कुणाच्या मनातही आलं नसेल. विहिरीचं पाणी काढतात तशा विटा काढायच्या.

मग एका हिवाळ्यात तंबू आले आणि तंबूंबरोबर वामनराव साहेब आले. उंच, किडकिडीत, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, पाटलापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांना अहोजाहो करणारे. त्यांनी माथ्यावर एक लांबलचक चर खणला, त्याच्या कडा पेटीच्या कडांसारख्या सरळ. गावातल्या बायका टोपल्या घेऊन कामाला गेल्या, जयवंताची आई रुखमाबाईही गेली, घरात काही कमी होतं म्हणून नव्हे, तर बघायला मिळावं म्हणून. आईच्या मागे जयवंता. चरात उतरल्यावर वारा एकदम थांबायचा आणि ओल्या मडक्याचा वास यायचा. आत एक बोळ निघाला, बोळाच्या कडेला सांडपाण्याची नाली, भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचलेली विहीर, आणि एक दिवस एका घराचा कोपरा निघाला. त्यात चूल होती. तीन बाजूंची, मोडलेली, पण आत राख तशीच. साहेब गुडघ्यावर बसून कुंचल्यानं हळूहळू माती झाडत होते. म्हणाले, "दोन हजार वर्षं झाली असतील ही विझून." रुखमाबाईनं टोपली कमरेवर घेऊन वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हे तर आपलीच चूल होय. दूध उतू गेल्याचा डाग तेवढा राहिला." साहेब इतके हसले की कुंचला हातातून पडला. त्यांनीच जयवंताला एक वीट उलटून दाखवली होती. विटेवर पाऊल, चार बोटं नि एक गादी, छोटंसं. "कुत्र्याचं पिल्लू असणार," साहेब म्हणाले. "ओल्या विटा उन्हात मांडल्या होत्या, हे त्यांच्यावरून गेलं. कुणीतरी नक्कीच शिव्या घातल्या असतील. एवढ्या मोठ्या शहरात आपल्याला नाव कळलं नाही राजाचं, पण बघ, ह्याची गाठ पडली." संध्याकाळी पाराशी बसून साहेब सांगत, की सगळं शहर अजून खालीच आहे, मी नुसतं दार किलकिलं केलंय, पुढच्या हिवाळ्यात येतो. पुढचा हिवाळा काही आला नाही. जाताना त्यांनी सगळा चर मातीनं पुन्हा भरून टाकला, चूल, नाली, विहीर, सगळं. जयवंता रडली. रुखमाबाई म्हणाली, "काहून रडतं? शहर हाय तर हाय. झोपू दे त्याले."

चहा उतू गेला. निळी ज्योत पिवळी झाली, विझली आणि घरभर घाणेरडा वास पसरला. चंद्रभानजी धावत आले, चावी फिरवली, खिडकी उघडली आणि मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचं हसू पहिल्यांदाच कुणी न सांगता मावळलं. "का झालं वं? ओटा पसंत नाही?"

आता सांगणं भागच होतं. पिपरडोलच्या पोरीला सासरी धाडायच्या दिवशी, उजाडता उजाडता, आई तिला टेकडीवर नेते. उगवतीच्या भिंतीपाशी पोरीनं आपल्या हातानं एक वीट उचलायची. आई जुन्या लुगड्यात ती बांधून देते. सासरी गेल्यावर पोरीनं ती चुलीखाली ठेवायची आणि कुणाला सांगायचं नाही. का ठेवायची, ते रुखमाबाईलाही ठाऊक नव्हतं. माझ्या मायनं मले देल्ली, मी तुले देतो, एवढंच. जयवंतानं पावलाचीच वीट शोधून काढली होती. साहेबांनी ती भिंतीच्या कडेला ठेवून दिली होती. रुखमाबाईनं कपाळावर हात मारला होता. "अवो, कुत्र्याचा पाय घेऊन कोणी सासरी जाते का? बापा, सासू का म्हणन?" पोरगी ऐकेना, तेव्हा आईनं तोडगा काढला, की पाय खालच्या अंगाला ठेव, म्हणजे कोणाला दिसणार नाही. तेव्हापासून ते पाऊल अंधारात, मातीला तोंड लावून होतं. आई गेली. भावानं शेत विकलं, घर विकलं आणि तो रायपूरकडे निघून गेला. पिपरडोलला आता जयवंताला पाणी विचारणारं कुणी उरलं नव्हतं. माहेर म्हणून जे काही होतं ते त्या एका विटेएवढं होतं. हे शेवटचं ती बोलली नाही, पण चंद्रभानजींना कळलं असावं, कारण त्यांनी खुंटीवरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "म्हणजे एकोणीस वर्षं माझ्या घरात कुत्रं होतं आणि मले कोणी सांगितलं नाही!" आणि टोपी घालून स्कूटर काढायला गेले.

स्कूटरवर मागे बसून जाताना तिला नागपूर वेगळंच दिसत होतं. प्रताप नगर तेव्हा अर्धं शेत नि अर्धं वस्ती होतं. तुरीच्या काड्या उभ्या असलेल्या जमिनीत मध्येच एखादा पाया खणलेला, मध्येच विटांची चळत, मध्येच छत नसलेल्या भिंती आणि त्यांच्या खिडक्यांतून दिसणारं आभाळ. ही घरं नवीन बांधून राहिले आहेत की जुनी खणून काढून राहिले आहेत, असा तिला क्षणभर घोटाळा झाला. तसाच सरळ कडांचा चर, तशीच मातीची टोपली कमरेवर घेतलेली बाई. एका चरापाशी तर तिनं चंद्रभानजींच्या पाठीला हात लावून स्कूटर थांबवायला लावली आणि उगाच आत डोकावून पाहिलं. आत पाणी होतं आणि एक बेडूक.

रामाजी गवंडी दोन गल्ल्या पलीकडे सापडला. रिटायर शाळाबाई सिंधूताईंच्या प्लॉटवर त्याचं काम चालू होतं. घर जोत्यापर्यंत आलं होतं, आणि जोत्यात भर म्हणून त्यानं जयवंताच्या चुलीचा मलबा टाकला होता. "वीट?" रामाजीनं डोक्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं. "ते मोठी वाली? बाई, ते का भर टाकाची चीज आहे? तशी पक्की वीट माह्या बापानं पाहिली नसन. ते ताईच्या तुळशीले लावली. पाहा ना, तिकडं दर्शन चालू आहे."

दर्शन खरंच चालू होतं. घर उठायच्या आधी सिंधूताईंनी तुळशीचा ओटा बांधून घेतला होता, आणि ओट्याच्या माथ्यावर, कुंडीच्या पुढे, जयवंताची वीट बसवलेली होती. पाऊल वर. हळद, बुक्का, झेंडूची माळ. शेजारच्या दोघी-तिघी बायका हात जोडून उभ्या होत्या आणि स्वतः सिंधूताई, पांढऱ्या लुगड्यातल्या, कडक चष्म्याच्या, त्यांना सांगत होत्या, "मलबा पडला तो गुरुवार होता. रामाजीनं वीट उलटली आणि बघते तर पाऊल. दत्तगुरूंच्या पायाशी श्वान असतात ना, त्यातलंच एक पुढे पाठवलं त्यांनी. मी म्हटलं, घर नीट होणार माझं."

जयवंताला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. तिनं हात जोडले. एवढ्या वर्षांत तिनं ते पाऊल नीट पाहिलंच नव्हतं आणि आठवणीत ते मोठं झालं होतं. इथे ते केवढंसं होतं, एका मुठीत मावेल असं, आणि एक बोट जरा जास्त खोल गेलेलं, जणू पिल्लू वळून मागे बघत होतं. चंद्रभानजी मागून कुजबुजले, "माग ना वं. तू मागतं का मी मागू?"

"ताई," जयवंता म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला, "ही वीट माझी आहे."

बायका वळल्या. जयवंतानं सांगितलं, टेकडी, भिंत, सासरी निघायची सकाळ, आणि साहेबांनी सांगितलेलं ते उन्हात मांडलेल्या ओल्या विटांवरून गेलेलं पिल्लू. सांगताना तिला वाटत होतं की आपण कुणाच्या तरी ताटातला घास काढून घेतो आहोत. सिंधूताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "दोन हजार वर्षं चालत आलं म्हणता?" त्या म्हणाल्या. "मग दत्ताचंच आहे. पण तुमच्या आईनं दिलेलं आहे, तेव्हा माझा त्यावर हक्क नाही. रामाजी, छिन्नी आण."

"ताई, माल धरून राहिला आहे!"

"आण म्हटलं ना गा."

रामाजीनं बडबडत चारी बाजूंनी छिन्नी मारली, पहार घालून वीट उचकटली आणि जयवंताच्या हातात दिली. ती मटकन जोत्यावरच बसली आणि वीट तिनं मांडीवर घेतली. जड होती, एखाद्या बाळंतिणीनं आपलं पोर हातात द्यावं तशी जड. खालचं अंग, म्हणजे इतकी वर्षं जे तिच्याकडे वर होतं ते, धुरानं काळं झालेलं. तिनं नाक लावलं. पळसाच्या लाकडाचा वास, भाकरीचा वास, त्याच्याही खाली ओल्या मडक्याचा वास, चरात वारा थांबायचा तेव्हाचा. तिचं मन त्या चुलीपाशी गेलं, जी साहेबांनी पुन्हा मातीत घातली. ती चूल मांडणारी बाई, जिला आपल्या भिंतीतल्या विटा कुठे कुठे जातील हे ठाऊक नव्हतं. कळमेश्वरला शामलाच्या दाराला एक लावलेली आहे, वाऱ्यानं आपटू नये म्हणून. पिपरडोलच्या सगळ्या पोरींनी एकेक वीट उचलून ते शहर कुठल्या कुठे नेऊन मांडलं होतं, आणि साहेब बिचारे त्याला टेकडीत शोधत बसले. घरी नेऊन ही ठेवायची कुठे? कडाप्प्याच्या ओट्याखाली, सिलिंडरशेजारी? पुन्हा पाऊल खाली करून? तिनं तुळशीच्या ओट्याकडे पाहिलं. जिथून वीट निघाली तिथे मालात चौकोनी खड्डा पडला होता. आणि मग तिला एक गोष्ट लक्षात आली जी एवढ्या दर्शनांत कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

"रामाजी," ती म्हणाली, "तू हे उलटं बसवलं होतंस. बोटं रस्त्याकडे होती. कुत्रं निघून चाललं होतं गा घरातून."

"मले का मालूम बाई, कुत्र्याचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं!"

जयवंता उठली. वीट तिनं फिरवली, बोटं घराकडे केली, आणि पदराचं टोक वर धरून सिंधूताईंपुढे दोन्ही हातांनी केली, जशी हळदीकुंकवाला बायका एकमेकींना वस्तू देतात. "घ्या ताई. संक्रांतीचं वाण."

यजमान गेल्यापासून सिंधूताईंच्या पुढे कुणी वाण केलं नव्हतं. उंबरठ्याच्या आतूनच त्या दुसऱ्यांची हळदीकुंकवं बघत आल्या होत्या. शेजारच्या बायकांतली एक खाली बघू लागली. मग सिंधूताईंनी दोन्ही हात पुढे केले आणि विटेच्या वजनानं एकदम वाकल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "लोक कंगवा देतात, आरसा देतात. हे काय, एवढं मोठं?" आणि हसल्या, चष्मा धुरकट होईपर्यंत. चंद्रभानजी आपली मिशी सावरत बाजूला बघत होते.

"एक काय ते ठरवा बाप्पा," रामाजी म्हणाला, "माल वाळून राहिला." त्यानं नवा माल घातला, वीट बसवली, थापीनं चारी बाजू गुळगुळीत केल्या आणि बिडी ओढायला जरा दूर झाला. कामावरच्या बायकांच्या भाकरीच्या तुकड्यांवर जगणारं एक तांबडं पिल्लू तिथे घुटमळत होतं. ते टुणकन ओट्यावर चढलं, झेंडूची माळ हुंगली आणि ओल्या मालावरून घराकडे चालत गेलं. रामाजी थापी घेऊन धावला, तोंडात आली ती शिवी घालत.

"राहू दे गा," सिंधूताई म्हणाल्या. "पुसू नको ते."

त्यानंतर सिंधूताईंचं घर पुरं झालं आणि त्यात त्या बारा-तेरा वर्षं सुखानं राहिल्या. दर गुरुवारी वस्तीतल्या कुत्र्यांना भाकरी घालत, त्यामुळे चोर त्या गल्लीकडे फिरकत नसत आणि टपालवालेही फिरकत नसत. टपालवाल्यांची तक्रार चंद्रभानजींकडेच यायची. ते रिटायर झाल्यावर उभ्यानं स्वयंपाक करायला शिकले, उत्तम पोहे करत, आणि गॅस आपणच आणला हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. रामाजीनं प्रताप नगरातली अर्धी घरं बांधली; पुढे गुडघे गेले तेव्हा मुलाच्या बांधकामावर खाट टाकून बसायचा आणि कुणी पातळ वीट आणली की म्हणायचा, हे का वीट आहे, वीट मी पाहिली आहे. वामनराव साहेबांना खापरटेकडीवर दुसरा हिवाळा मिळालाच नाही. धरणाखाली जाणाऱ्या दुसऱ्या गावांकडे त्यांना धाडलं आणि तिकडूनच ते निवृत्त होऊन घरी गेले. टेकडीवर सरकारी पाटी लागली, इथलं काही उचलू नये म्हणून. पिपरडोलच्या पोरी आता लग्नाच्या दिवशी वर जातात, भिंतीवर हात ठेवतात आणि रिकाम्या हातानं उतरतात. शामलाची वीट अजून दाराला आहे.

जयवंता दर संक्रांतीला तिळाचे लाडू घेऊन त्या घरी जात राहिली, सिंधूताई होत्या तोवर आणि नंतरही. तुळशीपाशी उभं राहून ती वाकायची, एक बोट जुन्या पावलात ठेवायची, एक नव्यात. दोन्ही आत चालली होती. नव्यातलं बोट दर वर्षी मात्र जरा ओलं व्हायचं, कारण तांबड्या पिल्लाची कुठली तरी नातवंडं त्या उबदार विटेवर ऊन खात पडलेली असत आणि तिचा हात चाटल्याशिवाय तिला जाऊ देत नसत.